निम्म्यात थांबलेला रनर

हे खरं घडलेलं आहे. मी भौतिकशास्त्र शिकलो. जे मोजता येत नाही, ते मी सहसा मानत नाही. यातली एक गोष्ट मी स्वतः मोजली आहे, म्हणूनच लिहितोय.

रविवार होता. दुपारचे चार. कारखान्यामागचं मैदान आणि लख्ख ऊन. भुताटकीला शोभेल असं तिथे काहीच नव्हतं.

माझा मावसभाऊ त्या कारखान्यात लेथवर काम करतो. सगळे त्याला दादा म्हणतात. त्या दिवशी क्रिकेटच्या सामन्यात जिंकायला एक धाव हवी होती, शेवटची जोडी खेळत होती आणि दादाचा घोटा मुरगळला होता.

पंचांनी रनर घ्यायला परवानगी दिली.

रनर म्हणजे जखमी फलंदाजाच्या वतीने पळणारा गडी. त्यानेही पॅड बांधायचे, बॅट घ्यायची. तो धावबाद झाला, तर फलंदाज बाद. थोडक्यात, आपली मान दुसऱ्याच्या हातात.

"दादा, रनर बघून घे हो," यष्टिरक्षक हसत म्हणाला. "तुझं मागच्या वेळचं ठाऊक आहे आम्हाला."

दादा हसला नाही.

मागची वेळ आठ वर्षांपूर्वीची. तेव्हा रनर होता सशा. एकाच गल्लीतला, एका ताटात जेवलेला, नावासारखा पळणारा. दोघेही कारखान्यात हंगामी. अंतिम सामन्यात जो चमकेल त्याला कायम करू, असं साहेबांनी सांगून ठेवलं होतं. जागा एकच. दादा अठ्ठेचाळीसवर होता. त्याने चेंडू ढकलला, सशा धावला...

आणि निम्म्यात थांबला.

यष्ट्या उडाल्या. पंचांचं बोट वर गेलं. दादा बाद झाला आणि कायमची नोकरी मिळाली सशाला; दादा आजही हंगामीच.

सशाने केसाने गळा कापला, हे दादाने आठ वर्षं प्रत्येक चहाच्या टेबलावर सांगितलं. सशा तीनदा दारात आला. दादाने कडी काढली नाही. गेल्या वर्षी सशा काविळीने गेला. दादा शेवटचं तोंड बघायलाही गेला नाही.

तर या वेळी रनर म्हणून स्टोअरकीपर आला. पोट सावरत म्हणाला, पळेन, पण एकापुरताच.

गोलंदाज धावत आला. दादाने चेंडू ढकलला.

टक... टक... टक...

सैल बक्कल पॅडवर आपटल्याचा आवाज.

सशाच्या डाव्या पॅडचं बक्कल कायम सैल असायचं.

दादाने नजर वळवली. स्टोअरकीपर लांब, बाजूने धापा टाकत पळत होता. हा आवाज मात्र जवळून येत होता. खेळपट्टीवरून. तिथे कोणीच नव्हतं.

आवाज निम्म्यात थांबला.

मग अगदी कानाशी...

"दादा, रेषा."

दादाने खाली पाहिलं. मुरगळलेल्या पायानेच, सवयीने, तो स्वतः क्रीजबाहेर पळत सुटला होता. रनर असताना फलंदाजाने रेषा सोडायची नसते. सोडली आणि त्या टोकाच्या यष्ट्या उडाल्या, तर तो बाद, मग रनर कुठेही असो.

त्याने कशीबशी बॅट मागे टेकवली. पाठोपाठ यष्ट्या उडाल्या. पंच म्हणाले, नाबाद. पलीकडे धाव पूर्ण झाली होती.

सगळे नाचत होते. दादा रिकाम्या खेळपट्टीकडे बघत होता.

संध्याकाळी त्याने मला सांगितलं. ही हाक त्याने आधी ऐकली होती. आठ वर्षांपूर्वी. शब्दही हेच.

दादा रेषेबाहेर आलेला दिसला, म्हणून सशा थांबला होता. त्याला मागे पाठवायला. यष्ट्याही दादाच्याच टोकाच्या उडाल्या होत्या.

"तेव्हाच ऐकू आलं होतं मला," दादा म्हणाला. "पण माझ्याच पायाने मी नोकरी घालवली, हे कोणत्या तोंडाने सांगणार होतो?"

सशाला शिव्या घालणाऱ्यांत मीही होतो.

दादाच्या घरापर्यंतचा जिना बावीस पायऱ्यांचा आहे. खेळपट्टीही बावीस यार्डांची. त्या रविवारपासून भर दुपारी जिन्यात टकटक सुरू होते... आणि अकराव्या पायरीवर थांबते. मी दाराआड बसून चार वेळा पावलं मोजली. दर वेळी अकराच. दार उघडलं की जिना रिकामा.

दादा म्हणतो, तो बोलावल्याशिवाय वर येणार नाही. आणि आला तर त्याला काय सांगू?

दादाने अजून हाक मारलेली नाही.

पण काल दुपारी मी बारा मोजली.