डब्ल्यूचा राहिलेला शब्द

त्या साली शिरूर कासारला उंदीर मरून पडायला लागले आणि गाठीच्या तापाच्या, म्हणजे प्लेगच्या, धास्तीनं सगळं गाव माळावर झोपड्या घालून राहिलं. गावामागं शाळाही आलीच. वर निजाम सरकारचा हुकूम, की पोरांचं इंग्रजी बंद पडता कामा नये. हुकूम काढणाऱ्याचं काय जातं! मी एका कडुलिंबाला फळा टेकवला आणि वर्ग सुरू केला. समोर उभा कडा होता, काळ्या दगडाचा, मधे मधे कपारी पडलेल्या.

माझी पद्धत साधी होती. एक अक्षर धरायचं आणि त्याच अक्षराचे शब्द घोकून घ्यायचे. शब्द मी ओरडायचा, अर्थ पोरांनी. डब्ल्यू आला. "वॉटर!" "पाणी!" "विंड!" "वारा!" कडा सगळं जसंच्या तसं परत पाठवायचा. पोरांना मजा आणि मला डोकेदुखी.

शुक्रवारी शाळेला सुट्टी असे. दुपारी मी झाडाखाली एकटाच पडलो होतो. करमेना, म्हणून गमतीनं ओरडलो, "वुल्फ!"

कड्याकडून आलं, "लांडगा."

कार्टी लपून बसली असणार! काठी घेऊन तडक निघालो. एकेकाची पाठ सोलायचीच होती. कड्याखाली कुणी नव्हतं. वाळलेलं गवत होतं, मेंढ्यांच्या लेंड्या होत्या, आणि दगड इतका तापला होता की हात लावताच मागं घेतला. तिथंच उभा राहून म्हणालो, "वूल." ओरडलोही नाही.

"लोकर," अगदी जवळून कुणीतरी म्हणालं. तो आवाज बाईचा नव्हता आणि पुरुषाचाही नव्हता.

मी नगरला शिकलेला माणूस. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी दारात उभा करत नाही. हे आपल्याच डोक्यातलं, उन्हानं झालंय, असं म्हटलं आणि मुद्दाम असा शब्द टाकला, जो पुस्तकात होता पण ज्याचा अर्थ मला ठाऊक नव्हता. "वीन."

"दूध तोडणं."

पुढं एका पाद्रीबाईंना विचारलं, तर अर्थ बरोबर निघाला. मला मात्र तेव्हाच, भर उन्हात, थंडी वाजली होती.

"तुमाला बोलतंय व्हय त्ये?"

दचकून वळलो. मागं साखराबाई उभी होती, मेंढ्या राखणारी धनगरीण. तिचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, कड्याच्या पलीकडंच उतरला होता.

"तुला कधी बोललं?" मी विचारलं.

"न्हाई. आमच्या बोलीला गप ऱ्हातं. तुमच्या सायबी शब्दालाच त्वांड उघडतंय." ती जवळ आली. "मास्तर, माजं तेवडं इचारा की त्याला. न्हाईतर आईतवारी पाट लावत्यात माजा."

तिचा नवरा सिदू लामावर गेला होता, साहेबाच्या लढाईला. कितीतरी दिवाळ्या झाल्या, ना निरोप ना सांगावा. सासऱ्यानं, सटवानं, ठरवून टाकलं होतं की पोरगं मेलं. हिच्या बांगड्या फोडायच्या आणि धाकट्या दिराशी, म्हाळूशी पाट लावायचा.

"म्हाळूला म्या कडंवर खेळवलाय, मास्तर!" ती म्हणाली. "लेकरावानी हाय त्यो मला." डोळ्यांत पाणी नव्हतं. राग होता, आणि तो ऐकून मलाही राग आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पोरं लवकर सोडली आणि सटवाला बोलावून आणलं. बरोबर त्याची बायको रतनबाई आणि साखराबाईही आल्या. सटवा उंचापुरा गडी, खांद्यावर घोंगडी, मिशीत हसणारा.

"कडा सांगंल त्ये मान्य," तो म्हणाला. "बोलू द्या तर खरं!"

मी कड्यासमोर उभा राहिलो. आपण शिकलेसवरलेले, आणि दगडाला काय विचारतोय, याची लाज वाटत होती. त्याला एकेका शब्दाचंच उत्तर येई, म्हणून साखराबाईला मनात धरून म्हणालो, "वाइफ."

"बायको," कडा म्हणाला.

रतनबाईनं पदर तोंडाशी नेला. सटवा क्षणभर चपापला, मग मोठ्यानं हसला. "बायको हाय ह्ये तर मला बी ठावं हाय! ह्याच्यासाटी मेंढरं टाकून आलो व्हय?"

मी जायला वळलो, तर साखराबाईनं वाट अडवली. "आजून येक हाय. तुमच्या व्हटावर आलता, तुमी गिळला."

खरं होतं. डब्ल्यूचा एक शब्द राहिला होता. तो मी पोरांनाही शिकवला नव्हता. विडो, म्हणजे विधवा. कडा त्याचा अर्थ सांगणार, सटवा तोच निकाल समजणार आणि हिच्या बांगड्या तिथंच दगडावर फुटणार.

"नको, बाई," मी हळूच म्हणालो.

"टाका. टांगतं ठिवू नगा मला."

मी पुन्हा कड्याकडं तोंड केलं.

"विडो."

वारा पडला. मेंढ्यांनी चरायचं थांबवून माना वर केल्या.

"माय," कडा म्हणाला.

या वेळी आवाज पुरुषाचा होता. तरुण, जरासा घोगरा.

रतनबाई मटकन खाली बसली. "सिदू! माज्या सिदूचा आवाज ह्यो! मला हाक मारली त्यानं!"

साखराबाईनं दोन्ही हातांनी आपल्या बांगड्या घट्ट धरल्या आणि ती ढसाढसा रडायला लागली. सटवाचेही डोळे भरले. "जित्ता हाय गं माजा वाघ! पाट न्हाई आन् फाट न्हाई! पोरी, ऊठ, तुजा दादला येनार हाय."

रतनबाईनं माझे पाय धरले. "लई उपकार झाले. काय इचारलंत हो त्याला?"

विडो म्हणजे काय, हे ठाऊक असलेला मी एकटाच होतो.

"खुशाली विचारली," मी म्हणालो.

तिघं परत निघाली. रतनबाई पुढं होती, लेकाची एकेक खोडी साखराबाईला सांगत. सटवा मागं रेंगाळला. त्यानं घोंगडी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"सकाळधरनं काखंत गाठीवानी कायतरी ठणकतंय," तो हसत म्हणाला.