वरच्या फळीवरची

गुरुवारी कॅन्टीनमध्ये वाटाण्याचं सूप असायचं आणि त्यानंतर जॅम लावलेला पॅनकेक. साइमीला दोन्ही आवडायचं, पण ती ताट घेऊन भिंतीकडे तोंड करून बसायची आणि घाईघाईने उठायची. फिनलंडमधल्या यिवास्कुला शहरात शिकायला येऊन महिना उलटला होता. वर्गातल्या मुलामुलींचे घोळके केव्हाच जमून गेले होते. साइमी पार पूर्वेच्या सीमेकडची, कुह्मो गावाच्याही पलीकडच्या खेड्यातली. तिथं कुणाशी ओळख करून घ्यावी लागत नसे, ती जन्मापासून असायचीच. इथं तोंड उघडायची वेळ आली की ती वाट काढून निघून जायची.

वसतिगृहात तिच्या शेजारच्या खोलीत ऊना राहायची, दोघींचं स्वयंपाकघर एकच. ऊना हेलसिंकीची, एक वर्ष पुढची, बोलायला फटकळ.

"माणसं चावत नाहीत गं," ती म्हणायची. "असं कोंडून घेतलंस तर बुरशी येईल तुला."

साइमी हसायची आणि दार लावून घ्यायची. आत गेल्यावर मात्र तिला घराची इतकी आठवण यायची की ती भिंतीवरच्या कुत्र्याच्या फोटोकडे बघत बसायची.

तळघरात सौना होता, बसायला लाकडी फळ्या असलेली वाफेची खोली. गुरुवारी संध्याकाळी तिथं मुलींची वेळ असे. एकदा सगळ्या कुठल्याशा पार्टीला गेलेल्या पाहून साइमी एकटीच खाली उतरली. आतला दिवा मिणमिणता होता. तिने शेगडीच्या तापल्या दगडांवर ओगराळंभर पाणी टाकलं आणि वाफ वर चढली, तेव्हा तिला दिसलं की वरच्या फळीच्या कोपऱ्यात कुणीतरी बसलंय. गुडघे पोटाशी घेतलेली एक मुलगी. केस तोंडावर आलेले.

"माफ कर, मला वाटलं कुणी नाही," साइमी म्हणाली.

"बस ना," ती मुलगी म्हणाली. "कुठून आलीस?"

एवढंच विचारलं तिने. पण आपुलकीने विचारलं, आणि उत्तराची वाट पाहिली. साइमी बोलायला लागली. घरामागचं तळं, बर्फ धरताना त्यातून येणारा कण्हल्यासारखा आवाज, आजोबांची डांबर फासलेली होडी, करडा कुत्रा. किती वेळ बोलली कुणास ठाऊक. वर आली तेव्हा अंग हलकं झालं होतं. त्या रात्री तिला गाढ झोप लागली.

मग ती दर गुरुवारी, बाकीच्या आटोपून गेल्यावर, जायला लागली. ती मुलगी असायचीच. स्वतःचं काही सांगायची नाही, नावसुद्धा नाही. "अजून सांग," म्हणायची फक्त. साइमीने एक विचित्र गोष्ट पाहिली होती. एवढ्या उष्णतेतही त्या मुलीच्या पायांवर घामाचा थेंब नसायचा. कातडी कागदासारखी कोरडी. पण असतात काही माणसं तशी, असं तिने स्वतःला समजावलं.

आईचा विषय तेवढा साइमी कधी काढत नसे. आईचं नाव घेतलं तर रडू फुटेल, अशी तिला धास्ती होती.

बदल सगळ्यांनाच दिसला. साइमी प्रयोगशाळेत पोरांशी चेष्टामस्करी करू लागली, कॅन्टीनमध्ये घोळक्यात बसू लागली.

"बोलायला लागली की आमची बाहुली," ऊना म्हणाली. मग साइमीच्या भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवून तिने विचारलं, "हा कुत्रा तुझा? नाव काय याचं?"

साइमीने फोटो पाहिला. करड्या कुत्र्याच्या गळ्यात हात टाकून ती स्वतःच बसली होती. तिने तोंड उघडलं. जिभेवर काहीच आलं नाही. नाव विसरल्यासारखं नव्हे. तो कुत्रा जणू तिने कधी पाहिलाच नव्हता.

ती हादरली. मग शांतपणे एकेक आठवून पाहू लागली. तळं? आपल्या घरामागे तळं होतं का? आजोबा कसे दिसायचे? जे जे फळीवर बसून सांगितलं होतं, त्याच्या जागी आत नुसता पांढरा वाफारा होता.

घाबरून ती दवाखान्यात गेली. तिथल्या नर्सने आपुलकीने विचारपूस केली. "घरची आठवण येते?"

"नाही," साइमी म्हणाली. "येतच नाही."

"मग चांगलंच आहे की. रुळलीस तू."

पुढच्या गुरुवारी तिने ऊनाला बरोबर नेलं. कोपऱ्यात ती मुलगी होती. ऊना पाणी टाकून सरळ खालच्या फळीवर बसली आणि एका प्राध्यापकाच्या नकला करू लागली.

"ऊना, वर कोण आहे?"

"वर? कोणी नाही. तो कोपरा कधी तापतच नाही, म्हणून बसत नाही कुणी." ऊनाने तिच्याकडे नीट पाहिलं. "मागे दारावरून जाताना ऐकलं होतं मी, एकटीच बडबडत होतीस. म्हटलं, खेड्याकडची रीत असेल."

वरून ती मुलगी ऐकत होती. केसांआडून तिची हनुवटी हलली. हसत असावी.

"मी निघते बाई, डोकं गरगरतंय," ऊना म्हणाली. साइमीही पाठोपाठ उठली, पण ऊना बाहेर पडली आणि जड लाकडी दार मध्येच लागलं. साइमीने ढकललं. दार हललं नाही.

"आता आईचं सांग," मागून आवाज आला.

तो आवाज बदलला होता. शब्दाचा शेवट कुह्मोकडच्यासारखा ओढलेला. साइमीसारखा.

"नाही सांगणार."

"तेवढंच राहिलंय."

साइमीने ओठ गच्च मिटले.

मुलगी फळीवरून उतरली. पहिल्यांदाच. तिने बादली उचलली आणि सगळं पाणी दगडांवर ओतलं.

वाफेचा लोट साइमीच्या पाठीवर आला. कातडी सोलल्यासारखी आग झाली, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "आई गं..."

"आई," ती मुलगी म्हणाली. हळूच, चव घेतल्यासारखं.

दार आपोआप उघडलं. वाफ निवली. फळीवर कोणी नव्हतं.

साइमी टॉवेल गुंडाळून तशीच वर धावली. फोनमध्ये 'घर' असं लिहिलेला एक नंबर होता. तिने तो लावला.

"बोला," एका बाईचा आवाज आला. अनोळखी, पण प्रेमळ.

"मी साइमी."

बाई गोंधळून हसल्या.

"साइमी तर इथं आहे," बाई म्हणाल्या. "आत्ताच आली. एवढ्या बर्फात अनवाणी आलीय बघ, कशी आली कुणास ठाऊक. तू तिची मैत्रीण का?"

साइमीला रडू फुटलं. या बाईंना काहीतरी हाक मारायची असते, एवढंच तिला जाणवत होतं. हाक आठवत नव्हती.

"रडतेयस का पोरी?" बाई म्हणाल्या. "नवीन जागेत असं होतं. तुझी आई कुठं असते? तिला फोन कर हं."

त्यांच्या मागे दार वाजलं आणि साइमीच्याच आवाजात कुणीतरी विचारलं, "कोण आहे गं?"

"कोणी नाही गं साइमी. कुणाची तरी पोर आहे. घरची आठवण येतेय तिला."