निळं यंत्र गोदीत अडलं

"खोक्यात काय आहे ते विचारायचं. का आहे, ते नाही... कळलं का चौकशीबाई?"

शाळेच्या वयात ऐकलेला बाबांचा हा आवाज अजून तिच्या कानात होता. जहाजानं आलेला लोकांचा माल सोडवून द्यायचं त्यांचं ऑफिस आता तीच चालवत होती. पण जिभेवरचा 'का' काही जात नव्हता.

बेकरीवाल्याशी ओळख झाली ती फोनवरच; त्यानं लावला होता दुसऱ्याच एजंटला, लागला तिला. परदेशातून कणीक मळायचं जुनं यंत्र येत होतं त्याचं. खरेदीचं बिल हवं, जहाज कंपनीची कागदपत्रं हवीत, शिवाय जुनं यंत्र म्हणून इंजिनिअरचा दाखला हवा, असं तिनं सांगितलं.

"जन्मपत्रिका नको?"

"यंत्राची पुरे. तुमची नंतर बघू," ती बोलून गेली... आणि जीभ चावली.

तिसरा फोन तिनंच केला. वजन किती, म्हणून. वजनावरून गप्पा कुठल्या कुठे गेल्या. "सगळी यंत्रं मेली राखाडीच का असतात हो? एखादं निळं नको का?" ती म्हणाली होती. तो नुसता हसला होता.

आज गोदीच्या शेडमध्ये खोकं उघडलं. खारा वारा आत आला नि दोघं समोरासमोर पहिल्यांदाच उभी राहिली. त्याच्या भुवईवर पिठाची रेघ... आणि मधे यंत्र. निळंशार!

कस्टमचे साहेब चक्रावले. "कागदावर राखाडी, जुनं. इथे तर नवंकोरं! यंत्रावरचा नंबरही दिसत नाही. आज नंबर जुळला नाही, तर माल परतीच्या बोटीवर."

त्याचा चेहरा उतरला. "परत गेलं तर बेकरीला टाळंच लावावं लागेल हो."

"रंग का दिलात?" तिनं विचारलंच.

"असंच... बरं दिसतं," तो म्हणाला. कान मात्र लाल झाले.

तिनं यंत्रावरून हळूच बोटं फिरवली. एका कडेला रंगाखाली उंचवटा लागला. नंबरची पट्टी! "थिनर आणा. आणि फडकं."

दोघं उकिडवी बसून घासू लागली. बोटं निळी झाली, एकमेकांना लागली, पटकन मागे गेली... पुन्हा लागली. एकेक आकडा वर आला. साहेबांनी कागदाशी ताडून पाहिला, शिक्का मारला.

"पुढच्या वेळी रंगकाम घरी आणल्यावर करा!" म्हणत ते गेले.

ती तिथेच बसून राहिली. "आता तरी सांगा. का?"

तो फडक्याची घडी घालत राहिला, मोडत राहिला. "तुम्ही म्हणालात ना, निळं नको का... विकणाऱ्याला कळवून टाकलं. वाटलं, निदान बघायला तरी याल. नंबर बुजेल, हे डोक्यातच आलं नाही."

बाहेर भोंगा वाजला. तिनं निळं बोट पदराला पुसलं, मग त्याच्याकडे न बघताच म्हणाली,

"तिसऱ्या फोनला मी वजन विचारलं होतं ना... ते कागदावर होतं. तेव्हाही माझ्या समोरच होतं."