येतो, आजी

ही गोष्ट खरी आहे. रचून सांगायची असती तर मी अमावस्या घातली असती, रात्रीचे बारा वाजवले असते, कुठूनतरी पैंजणही वाजवले असते. तसलं काही नव्हतं. डिसेंबरातला साधा मंगळवार होता आणि दिवस नुकताच मावळला होता.

घडलं ते माझ्या दाजींच्या बाबतीत.

अजिनाथ दाजी म्हणजे माझ्या रुपालीताईचे मालक. पाथर्डीत त्यांचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, पासपोर्ट फोटो यावर घर चालतं. जीव मात्र सगळा रानातल्या फोटोंवर. डोंगर, पडीक रान, ढगांच्या सावल्या. मनासारखा उजेड मिळावा म्हणून हा माणूस बाभळीखाली अर्धा अर्धा दिवस बसून राहायचा. ताई चिडवायची, "माज्या शेजारी कदी एवढा येळ बसलात का?"

त्या वर्षी जूनमध्ये दाजींची आई, मालनबाई, गेली.

दाजी रडले नाहीत.

सावडायला नाहीत, दहाव्याला नाहीत. जेवत होते, दुकान उघडत होते, नवरानवरीला "जरा हसा" म्हणत होते. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "कायीच वाटंना रं. दाताला इंजेक्शन दिल्यावर गाल बधिर होतो ना, तसं हाय."

ताईला दुसरं काही नको होतं. या माणसानं एकदा मोकळं रडावं आणि आपल्यात परत यावं, एवढंच. त्या मंगळवारी तिनंच कॅमेऱ्याची बॅग त्यांच्या हातात दिली.

"जावा, फिरून या. तुमचा त्यो उजेड बघून या."

हे ती अजून विसरलेली नाही.

दाजी मोटारसायकल घेऊन डोंगराच्या पायथ्याच्या एका वस्तीवर गेले. वस्तीचं नाव मी सांगत नाही, तिथं माणसं राहतात. म्हणजे पावसाळ्यात राहतात. एकदा ऊसतोड सुरू झाली की सगळी वस्ती ट्रकात बसून कारखान्यांकडे निघून जाते. दारांना कुलपं लागतात. कोंबड्या जातात, शेळ्या जातात, कुत्रीसुद्धा टोळीच्या मागं जातात.

दाजींना तसंच रिकामं काहीतरी हवं होतं.

वस्तीच्या मधोमध एक कडुलिंबाचं झाड, झाडाला दगडी पार, मागं डोंगर. सूर्य गेला. पिवळा उजेड विझला आणि निळसर उरला. दाजींची ही आवडती वेळ. या उजेडाला सावली नसते, म्हणायचे.

त्यांनी ट्रायपॉड लावला.

इथं फोटोतली एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. उजेड इतका कमी असला की कॅमेऱ्याचं शटर बराच वेळ उघडं ठेवावं लागतं. दोन मिनिटं धरा. तेवढ्या वेळात जे हलतं ते पुसलं जातं. ढग फरपटतात, पानांचा नुसता धूर होतो. मधून चालत गेलेला माणूस फोटोत येतच नाही.

जे जागचं हलत नाही, तेवढंच उरतं.

दाजींनी बटण दाबलं आणि हात खिशात घालून उभे राहिले. वारा होता. गालाला लागत होता. समोर लिंबाची फांदी हलताना दिसत होती...

पण पानांचा आवाज येत नव्हता.

रातकिडे नव्हते. लांबच्या रस्त्यावरच्या गाड्या नव्हत्या. स्वतःच्या घड्याळाची टिकटिक मात्र अगदी कानाशी येत होती.

मग शटर मिटल्याचा आवाज आला आणि त्यासरशी पारावरून कुणीतरी म्हणालं...

"आलास व्हय?"

म्हातारी बसली होती. पाराच्या बरोबर मध्यावर, हात मांडीवर ठेवून. दाजी दचकले नाहीत. दचकायला आत काहीतरी जागं असावं लागतं. त्यांना वाटलं, आपलंच लक्ष नव्हतं. ऊसतोडीला जाताना थकलेल्या माणसांना वस्तीवर मागं ठेवूनच जातात, त्यात नवल नाही.

"एकट्याच हाय का, आजी?"

म्हातारी खाली बघत होती. निळा उजेड सरत आला होता. दाजींनी ट्रायपॉड गुंडाळला, बॅग खांद्याला लावली, आणि कुणाच्याही दारातून निघताना आपण जे म्हणतो तेच म्हणाले.

"येतो, आजी."

म्हातारीनं मान वर केली.

"ये बरं. समदी तसंच म्हनत्यात."

एवढंच. पण रस्त्याला लागेपर्यंत दाजींचे डोळे भरून आले. सहा महिन्यांत पहिल्यांदा. अर्ध्या वाटेत गाडी थांबवून ते आईसाठी रडले.

घरी आले तेव्हा ताईनं लाल झालेले डोळे पाहिले. आत जाऊन देवापुढं साखर ठेवली.

जेवण झाल्यावर दाजींनी फोटो कॉम्प्युटरवर घेतला. ढग फरपटलेले होते. लिंबाचा धूर झालेला होता.

म्हातारी मात्र स्पष्ट होती.

कपाळावरची एकेक सुरकुती मोजून घ्यावी इतकी. पदराबाहेर आलेला पांढरा केससुद्धा हललेला नव्हता. त्या वाऱ्यात. अंगावर जांभळं लुगडं होतं, कोरं, दुकानातल्या घड्याही न मोडलेलं. बसलेला माणूस कितीही सांगितलं तरी हलतो, निदान श्वासाबरोबर छाती हलते आणि कडा पुसट होतात. दाजींना हे माझ्यापेक्षा जास्त कळतं.

त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला. मग कॉम्प्युटर बंद केला आणि ताईला म्हणाले, "उद्या परत जाऊन येऊ का?"

"जावा की," ताई म्हणाली. खूश होती बिचारी.

मग दाजी रोजच जायला लागले.

पहिले काही दिवस परतताना रडू यायचं. मग नुसते डोळे ओलावायचे. मग तेही थांबलं, पण जाणं थांबलं नाही. पोचलं की तोच प्रश्न... "आलास व्हय?" मग निळा उजेड संपेपर्यंत दोघं गप्प. निघताना दाजी म्हणणार, येतो आजी. ती म्हणणार, ये बरं.

फोटो रोज निघत होता. ते सगळे फोटो मी नंतर ओळीनं पाहिलेत. जागा तीच, ट्रायपॉड तिथंच.

फरक फक्त म्हातारीत होता.

पहिल्या फोटोत ती पाराच्या मध्यावर होती. मग थोडी डावीकडं. मग आणखी थोडी. शेवटच्या फोटोत ती पाराच्या टोकाला गेली होती आणि तिच्या शेजारी एक माणूस ऐसपैस बसेल एवढी जागा मोकळी होती.

त्याच सुमारास एक माणूस स्टुडिओत आला. राम त्याचं नाव. त्याच वस्तीवरचा. तोड अर्ध्यात टाकून, गाडी बदलत बदलत पाथर्डीला पोचला होता. आईचं वर्षश्राद्ध होतं. फोटो मोठा करून फ्रेम करायची होती, आणि त्याच्याकडं होतं फक्त तिचं आधार कार्ड.

आधारवरचा फोटो कसा असतो तुम्हाला ठाऊक आहे. पण दाजींनी नाव वाचलं, चांगुणाबाई, आणि त्या काळपट चेहऱ्याकडं पाहिलं.

त्यांनी कॉम्प्युटर सुरू केला. पहिल्या मंगळवारचा फोटो उघडून रामपुढं फिरवला.

"ह्याचा करू का? ह्यो चांगला आलाय."

राम पुढं वाकला.

त्याचं बोट पडद्यावरच्या लुगड्यावर थांबलं...

"ह्यो कवा काढला?"

"आत्ताच. ह्या महिन्यात."

"हे लुगडं," राम सावकाश म्हणाला, "मी आनलं हुतं. ती गेल्यावर. तिच्या अंगावर घालूनच न्हेली आमी तिला."

स्टुडिओत गिऱ्हाईक नव्हतं. रस्त्यावरून एक जीप गाणं लावून गेली, तेवढाच आवाज.

मग राम सांगत गेला. मागच्या वर्षी तोडीला निघताना सगळ्यांनी तिला म्हटलं होतं, येतो. लेकानं, सुनेनं, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी. ती ट्रकपर्यंत आली आणि मग पारावर जाऊन बसली. शेजारच्या वाडीची बाई भाकरी आणून द्यायची. तिलाच एका सकाळी म्हातारी दिसली. पारावर बसलेली. हलवलं तर थंड.

"तुमी तिथनं निघताना कायी बोललात का, भाऊ?"

"येतो म्हनलो."

रामनं आधार कार्ड खिशात टाकलं. चेहरा पार उतरला होता त्याचा.

"मयताला येतो म्हनत्यात का कुनी?"

हे लहान पोरालाही ठाऊक असतं आपल्याकडं. मयतीच्या घरातून निघताना, स्मशानातून परतताना, येतो म्हणायचं नाही. गुपचूप उठायचं आणि मागं न बघता चालू लागायचं. दाजींनाही ठाऊक होतंच. पण समोरची बाई गेलेली आहे, हे कुठं ठाऊक होतं?

राम फ्रेम न करताच निघाला. जाताना येतो म्हणाला नाही.

ताईला हे कळलं तशी तिनं शपथ घातली. आता तिकडं पाऊल टाकायचं नाही. ती म्हणाली, मला वाटलं भांडतील, हट्ट करतील. दाजी म्हणाले, "बरं." आणि खरंच गेले नाहीत.

मला आता वाटतं, जायची गरज उरली नव्हती.

संक्रांतीला मी बायकोला आणि लेकीला घेऊन श्रीरामपूरहून पाथर्डीला गेलो. दाजी ठीक दिसले. तिळगूळ घेतला, लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला. हात गार होता, पण दिवस थंडीचेच होते. संध्याकाळी अंगणात सगळ्यांचा फोटो काढायची टूम मीच काढली. फ्लॅश नको, हा उजेड छान आहे, असं शहाणपण केलं. दाजींचाच कॅमेरा ट्रायपॉडवर लावला, त्यांना विचारूनच शटर जरा जास्त वेळ ठेवलं, टायमर लावला आणि पळत जाऊन उभा राहिलो.

"हलू नगा कुनी," दाजी म्हणाले.

फोटो बघितला.

माझ्या लेकीचा पार धूर झाला होता. माझ्या बायकोला दोन नाकं आली होती. मी पुसट, ताई पुसट. आम्ही हसलो.

मग मी फोटो मोठा केला...

दाजींच्या मिशीतला केस न् केस वेगळा दिसत होता.

मी कॅमेरा बंद केला. ताईला दाखवला नाही. अंधार पडायच्या आत निघायचंय म्हणून घाईघाईनं पिशव्या गाडीत टाकल्या. दाजी ओट्यावर येऊन बसले होते, हात मांडीवर ठेवून. मी गाडी सुरू केली आणि आयुष्यभराची सवय तोंडातून निघून गेली.

"येतो, दाजी."

त्यांनी मान वर केली. कित्येक महिन्यांनी मी त्यांना हसताना पाहिलं.

"ये बरं," ते म्हणाले. "समदी तसंच म्हनत्यात."

त्यानंतर मी पाथर्डीला गेलेलो नाही. कामं आहेत, असं सांगतो. दाजी जेवतात, दुकान उघडतात, सगळं सुरळीत आहे म्हणतात. मी मात्र तिन्हीसांजेला घराबाहेर थांबत नाही.

काल ताईचा फोन आला होता.

"कवा येतोस रे? हे रोज इचारत्यात. दिवस मावळला की ओट्यावर जाऊन बसत्यात तुजी वाट बघत."

मी म्हटलं, बसू दे.

"आरं पर नीट तरी बसावं ना," ताई म्हणाली. "एवढा मोठा ओटा हाय, आन् हे आपले पार कडंला सरकून बसत्यात."