उंदरांच्या मेंदूतले दिवे

पिंजरा लख्ख घासला, घरट्यातला कळकट कापूस फेकून पांढराशुभ्र नवा भरला, आणि तरीही उंदरांची पाचावर धारण का बसली, हे शलाकाला काही केल्या उमगेना.

शलाका इस्लामपूरहून चंद्रावरच्या शशिपूर वसाहतीत नुकतीच आली होती. इथलं चालणं म्हणजे स्वप्नातलंच चालणं. पाऊल उचललं की माणूस हळूच वर जाई आणि सावकाश खाली येई. शाळेत मात्र तिला भीती वाटे. शिकवणाऱ्या यंत्रमानवाने नाव विचारलं तरी तोंडून शब्द फुटत नसे. असंच चाललं तर पुढच्या यानाने तिला एकटीला इस्लामपूरला काकांकडे परत पाठवायचं, असं आईबाबांनी जड मनाने ठरवलं होतं. त्या विचारानेच तिला रडू येई. आपण भित्री भागूबाई आहोत, अशी तिची पक्की खात्री झाली होती.

म्हणून उत्तराआत्याने तिला आपल्या प्रयोगशाळेत मदतीला बोलावलं होतं. तिथे तांबूस, अंधुक उजेड असे, कारण तांबडा रंग उंदरांना जवळजवळ दिसतच नाही. पडद्यावर एका उंदराच्या मेंदूचं चित्र संथ तरंगत होतं आणि त्यात हिरवे ठिपके एकामागून एक उजळत होते.

आत्याने तिला जवळ घेऊन समजावलं. संकटाची चाहूल लागली की मेंदूतल्या काही पेशी न्यूरोपेप्टाइड (निरोप पोचवणारा प्रथिनाचा इवलासा तुकडा) सोडतात. हा निरोप डोळ्यांना दिसत नाही. म्हणून या उंदरांच्या जनुकांत (काय घडवायचं ते पेशीला सांगणाऱ्या सूचनांत) जेलीफिशच्या चमकण्याची सूचना जोडली होती. ताणाचा निरोप निघाला की ती पेशी चमके आणि बारीक कॅमेरा ते टिपे. शेजारच्या पिंजऱ्यातल्या उंदरांत तर त्या निरोपाचं जनुकच बंद केलं होतं. ते बिचारे घुबडाचा मुद्रित आवाज ऐकूनही लपायला उशीर करत. म्हणजे निरोप वाईट नव्हता, तो जीव वाचवणारा होता.

पण आज तर घुबडाचा आवाज लावला नव्हता, मग एवढे दिवे का, असं शलाकाने विचारलं.

"पिंजरा बदलताना जुन्या घरट्यातला चिमूटभर कापूस आम्ही नव्यात ठेवतो," आत्या म्हणाली. "त्या वासाने त्यांना घर ओळखू येतं. तुला सांगायचंच राहिलं बघ."

शलाकाला फार वाईट वाटलं. तिने कचऱ्यातून जुना कापूस काढून अलगद आत ठेवला. उंदीर हुंगत आले, त्याला बिलगले. हिरवे दिवे एकेक करून मंदावत गेले.

"आत्या, हे भित्रे नाहीत," शलाका हळूच म्हणाली. "यांचं सगळंच एकदम नवं झालं होतं." आणि तिचे डोळे भरून आले.

काही माणसांच्या मेंदूतला हा निरोप थांबतच नाही, तो कसा शांत करायचा हेच आपण शोधतोय, असं आत्याने सांगितलं. एक दिवस ते नक्की सापडेल, असा तिला विश्वास होता.

दुसऱ्या दिवशी यंत्रमानवाने नाव विचारलं. भीती वाटलीच. निरोप निघाला, शलाकाने स्वतःला सांगितलं. मग इस्लामपूरच्या शाळेत उठायची तशी ती ताठ उभी राहिली.

"शलाका. हजर, बाई."

सगळा वर्ग हसला. ही बाई कोण, असं यंत्रमानवाने गोंधळून विचारलं. ते सांगता सांगता शलाका आपल्या जुन्या शाळेबद्दल बोलत सुटली, ती तास संपला तरी थांबेना.

पुढचं यान पृथ्वीकडे निघालं तेव्हा ती वर्गात होती.