फोंतरेलचं पाणी कुठे गेलं?

टब रंगवून झाला होता, वल्हं तासून झालं होतं. फक्त पाणी नव्हतं.

अपोलीन फोंतरेल गावातल्या धोबीघाटाच्या कठड्यावर पालथी पडून खाली बघत होती. दगडी टाकीत चिखल आणि दोन-चार डबकी उरली होती. पॅरिसकरांच्या चादरी इथे धुतल्या जात त्या काळापासून टाकी कधी आटली नव्हती, असं खालच्या आळीतला प्रत्येक जण छातीठोकपणे सांगायचा. दर पंधरा ऑगस्टला धोबिणींच्या जुन्या लाकडी टबांत बसून वरच्या आणि खालच्या आळीची शर्यत लागायची. बारा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय टबात बसू देत नसत, आणि अपोलीनला मे महिन्यात बारा पूर्ण झाली होती.

"चिखलातून ढकलत ने," तिचा मावसभाऊ तिबो म्हणाला. तो वरच्या आळीचा. "तसंही हरणारच आहात."

"तू आधी टबात मावतोस का ते बघ."

अपोलीनचा मित्र इद्रिस खो-खो हसला. त्याचे बाबा बाजारात भाजीचा गाळा लावायचे आणि सुट्टीत तोही मदतीला असायचा.

तेवढ्यात मस्यू लोर्के मोजपट्टी घेऊन आले. रस्ते आणि पार्किंग पाहणारे उपमहापौर. ऑगस्टमध्ये अख्खी नगरपालिका समुद्रावर गेलेली असते. मागे राहिले होते ते हे एकटेच. टाकीची लांबी-रुंदी घेता घेता त्यांनी सांगून टाकलं की झरा आटला आहे, उद्या सकाळी खडीचा ट्रक येईल, टाकी बुजवून स्टेशनवर येणाऱ्यांच्या गाड्यांची सोय करायची आहे.

अपोलीन ताडकन उठून बसली. "आणि शर्यत?"

"पाण्याशिवाय कसली शर्यत, पोरी?"

झरा कुणी जाऊन पाहिला का, असं इद्रिसने विचारलं. पाण्याचं खातं ज्यांच्याकडे आहे ते ब्रिटनीच्या किनाऱ्यावर गेलेत, सप्टेंबरात येतील, असं उत्तर मिळालं. यंदाचा उन्हाळा कडक आहे, त्यात बघायचं काय?

मुलं बघायला निघाली. झऱ्याच्या गल्लीचा चढ चढून तिघं धापा टाकत चर्चमागे पोचली. तिथल्या झऱ्यावरच्या जाळीला कुलूप होतं, पण कान लावायला कुलूप आड येत नाही. आत पाणी खळाळत होतं, भरभरून.

म्हणजे वर पाणी आहे आणि खाली नाही. पूर्वीच्या लोकांनी गल्लीच्या पोटातून दगडी पाट काढून ते धोबीघाटावर नेलं होतं. मधेच कुठेतरी ते वाट सोडत होतं.

इद्रिस डोकं खाजवत म्हणाला, "लोर्के काकांचा वाल! बागांना पाणी घालायला बंदी आहे ना? तरी रुळांपलीकडच्या त्यांच्या वाफ्यात वाल कसला हिरवागार आहे! बाबा रोज जळतात."

"चोरतात ते पाणी?" तिबोचे डोळे चमकले.

"छे. शेजारच्या नाल्यातलं घेतात. पण या दिवसांत तो नाला कोरडा असतो."

नाल्यातलं पाणी याच झऱ्याचं आहे हे सिद्ध कसं करायचं? त्याचाही उपाय इद्रिसकडेच निघाला. गाळ्यावर उकडलेलं बीट उरलं होतं. ते बादलीत कुस्करून, पाणी घालून तिबोने जाळीतून आत ओतलं. अपोलीन आणि इद्रिस धावत वाफ्यांकडे गेले.

लोर्के काका झारी भरायला वाकले होते. बघता बघता नाल्याचं पाणी गुलाबी झालं, मग लाल. झारी त्यांच्या हातातून निसटली. अपोलीन काही सांगणार तोच त्यांनी फोन कानाला लावला होता. रासायनिक प्रदूषण झालंय, ताबडतोब या, असं ते ओरडून सांगत होते.

ऑगस्टमध्येही जागेवर असतात ते अग्निशमन दलाचे लोक. कॅप्टन केर्बेकबाई गाडीतून उतरल्या, पाण्यात बोट बुडवून त्यांनी वास घेतला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हे बीट आहे."

"आम्हीच घातलं," अपोलीन म्हणाली. "चर्चमागच्या झऱ्यात. तिथलं पाणी धोबीघाटावर यायला हवं, ते इथे येतंय. उद्या टाकी बुजवणार आहेत, आणि आमचं कुणी ऐकत नाही."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग लोर्केंकडे पाहिलं. "चर्च आणि हा नाला यांच्या मधे खोदकाम कुठे चाललंय?"

लोर्केंनी चढाकडे बोट दाखवलं, तिथे नव्या गोल चौकाचं काम अर्धवट पडलं होतं. गावातला सातवा गोल चौक त्यांनीच मंजूर केला होता.

चौकाभोवतीच्या कुंपणाचं कुलूप बाईंच्या माणसांनी उघडलं. मुलांना बाहेरच उभं केलं होतं, पण फळीखालचं लोखंडी चाक त्यांना दिसलं. खड्डा कोरडा राहावा म्हणून कामगारांनी पाटाचा दरवाजा बंद करून पाणी जुन्या गिरणीच्या नाल्याकडे वळवलं होतं. जुलै संपला तसे ते सुट्टीवर गेले. दरवाजा बंद आहे हे पाण्याचं खातं पाहणाऱ्या ज्या साहेबांना कळवायचं, ते त्यांच्याआधीच गेले होते.

कुरकुरत चाक फिरलं.

सकाळी खडीचा ट्रक धोबीघाटावर आला तेव्हा टाकी निम्मी भरली होती. लोर्केंनी स्वतः पुढे होऊन ट्रक परत पाठवला.

पंधरा तारखेला दोन्ही आळ्या कठड्याभोवती दाटल्या. शिट्टी वाजवायचा मान लोर्केंचा. ती तोंडाला लावण्याआधी ते म्हणाले, "मी टाकीत बघत राहिलो. ही पोरं चढ चढून वर बघायला गेली. नगरपालिकेतल्या आम्हा कुणाला ते सुचलं नाही." कॅप्टनबाईंनी सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या. आपल्या माणसांना त्या म्हणाल्या, "असं तपासायला शिका."

शिट्टी वाजली. अपोलीनने जोरात वल्हं मारलं, टब गर्रकन स्वतःभोवती फिरला, तिबोच्या टबावर आदळला आणि दोघंही पाण्यात. अपोलीन वर आली ती तोंडभर पाणी घेऊनच. पाणी बर्फासारखं गार होतं आणि तिचे पाय तळाला टेकत नव्हते.