गेट उघडायचं नाही

हे घडलं तेव्हा आम्ही तिघं होतो आणि तिघंही शुद्धीवर होतो. मी चंद्रपुरात एका वाचनालयात चाळीस वर्षं काढली. भुतांच्या पुस्तकांवर शिक्के मारले, ती खरी कधी मानली नाहीत. तरीही खाली लिहिलेलं सगळं खरं आहे. माझ्या सांगण्यात चूक होईल, घडण्यात झालेली नाही.

तारीख २० एप्रिल २०२४, शनिवार. आदल्या दिवशी मतदान झालं होतं, बोटावरची शाई ताजी होती.

रात्र नव्हती. दुपारचे अडीच वाजून गेले होते.

जागा गोंडपिपरी तालुक्यात, तेलंगणाकडे जाणाऱ्या रस्त्यापासून बरीच आत. गावाचं नाव लिहीत नाही.

ती जागा मीच निवडली होती.

माझा भाऊ कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. तीन दवाखान्यांच्या दारातून परत फिरलो, चौथ्याच्या दारात त्याने मान टाकली. त्याचा मुलगा अश्वजित माजरीला खाणीत नोकरीला आहे. तेव्हापासून त्याचं एकच.

"काका, पुढच्या वेळी मी कोनाच्या दारात जानार नाई. जंगलाकडं आपली जागा पाहिजे. पानी आपलं, धान्य आपलं, गेट आपलं. तुमी एवढे पुस्तकं वाचता ना? मंग सांगा मले, कशी जागा घेऊ."

मला सहसा कोणी सल्ला विचारत नाही. मी हुरळून गेलो. महिनाभर वाचलं आणि यादी केली. उन्हाळ्यात न आटणारं पाणी. मोठ्या रस्त्यापासून दूर. जवळ वस्ती नको. बाहेरून आतलं काही दिसायला नको.

तिथल्याच वामनरावांच्या विकायला काढलेल्या शेतात हे सगळं होतं. दोन खोल्या, विहीर, भोवती पुरुषभर उंच विटांची भिंत आणि पत्र्याचं गेट.

"कोरोनात आमच्या गावात एक केस नाई निंगाली," वामनराव छाती पुढे काढून सांगत होते. "रस्त्यावर झाडं आडवे पाडले. काठ्या घेऊन मानसं बसवले. चिमनी आत नाई येऊ देली."

मी वहीत लिहिलं : गाव शिस्तीचं. सुरक्षित.

ते पान मी नंतर फाडलं. फाडून राग गेला नाही.

घेण्याआधी दोन दिवस राहून बघावं, हेही मीच सुचवलं. अश्वजित, त्याची बायको साक्षी आणि मी. सकाळी विहिरीतून पाणी शेंदून तीन ड्रम काठोकाठ भरले. अश्वजितने गेटाला आतून कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

"आता जग बुडालं असं समजा. कोनी आलं तरी गेट उघडायचं नाई."

"माही माय आली तर?" साक्षी म्हणाली.

"तुही माय गेटाची वाट पाहते का? भिंतीवरून उडी मारून येते ते."

आम्ही हसलो. जेवलो. ऊन इतकं होतं की पत्रे तडतडत होते. बाहेर कुठेतरी होले पक्षी घुमत होते.

मग ते थांबले...

सगळे एकाच वेळी.

गेटाची कडी वाजली. जोरात नाही. कोणाला त्रास होऊ नये अशी, हलकेच.

मग खोकला. कोरडा, लांबलेला...

"बाई... पानी देता का."

साक्षी उठली. अश्वजितने तिचं मनगट धरलं.

"बस खाली."

"अवो, पानी मांगून राह्यली ते."

"तेच तं पाहून राह्यलो आपन. आज एकीले उघडलं, खऱ्या वेळी शंभर येतीन. त्याहिले काय सांगशीन?"

"डोकं फिरलं का तुमचं? या उन्हात मरन ना ते!"

"माहा बाप दारात मेला! तवा कोनं उघडलं?"

साक्षीने मनगट सोडवून घेतलं. मग माझ्याकडे वळली.

"काका, तुमी तरी सांगा न याहिले."

मी मांडीवरच्या वहीकडे बघत बसलो.

आवाज पुन्हा आला. आता खालून... कोणी गेटाला टेकून बसल्यासारखा.

"सकाळपासून हाओ मी इथी, बाई. विहिरीच्या दोराले हात नाई लावत. वरूनच वता."

मी घड्याळ बघत होतो. अकरा मिनिटं. दर वेळी आवाज थोडा बारीक होत गेला. शेवटी नुसता श्वास...

मग तोही नाही.

आणि माझ्या डोळ्यांत काहीतरी झोंबलं.

मिरची. वाळत घातलेल्या लाल मिरचीचा तिखट वास, नाकात, घशात. तिघांनाही ठसका लागला. त्या घरात आम्ही मिरची आणलीच नव्हती. दुपारच्या भाजीतही नव्हती, मला सोसत नाही.

अश्वजित डोळे चोळत असताना साक्षीने त्याच्या खिशातून किल्ली ओढली, धावत जाऊन गेट उघडलं.

बाहेर कोणी नव्हतं.

दोन्ही बाजूंना कापणी झालेली मोकळी शेतं. लपायला झुडूपही नाही. धुळीत सकाळचे आमच्याच गाडीच्या चाकांचे ठसे. पाऊल एकही नाही...

तेवढ्यात साक्षी किंचाळली.

कडीला लागलेला तिचा तळवा लालभडक झाला होता. आग आग होत होती. ती ड्रमकडे धावली, हात आत घातला...

ड्रम रिकामा होता.

दुसराही. तिसराही. ओल नाही, थेंब नाही, बूड तापलेलं. अश्वजितने बादली विहिरीत सोडली. खाली दगडावर आपटल्याचा आवाज आला. वर आली तेव्हा तिच्यात धूळ होती.

सामान तिथेच टाकून आम्ही गाडीत बसलो.

वळणावर एक म्हातारा बकऱ्या चारत होता. देवाजी त्याचं नाव. पाणी मागितलं, त्याने बाटली दिली. साक्षीचा तळवा बघून तो म्हणाला, "मिरची?"

आम्ही अजून काही सांगितलेलं नव्हतं.

"केसरबाई ते," देवाजी म्हणाला. "आमच्याच गावची सून. मिरची तोडाले तेलंगणात गेली होती. लॉकडाऊनमंदी गाड्या बंद झाल्या, तं सहा दिवस पायी आली. मजुरीची मिरची डोक्शावर. गावानं आत नाई घेतलं. मंग वामनरावाच्या गेटापाशी बसली पानी मांगत. वामनराव आतच होते, बायकापोरं घेऊन. बिमारी येईन म्हनून उघडलं नाई. दिवस बुडता बुडता संपली."

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

"मी आडव्या झाडापाशी होतो, भाऊ. काठी घेऊन." तो बकऱ्यांकडे बघत राहिला. "तिचं घर दिसे तिथून."

त्या संध्याकाळी मी वामनरावांना फोन केला. आयुष्यात पहिल्यांदा कोणावर तरी ओरडलो. आवाज चिरकला, पण ओरडलो. हे तुम्ही आम्हाला सांगितलं का नाही?

"तुमी इचारलं काऊन नाई?" ते शांतपणे म्हणाले. "तुमच्या यादीत पानी होतं, भिंत होती. कोन मेलं, हे होतं का?"

फोन कट झाला.

साक्षीचा हात आठ दिवसांनी बरा झाला. डॉक्टर म्हणाले, मिरची हाताळली असेल. देवाजी म्हणतो, त्या विहिरीत आजही पाणी आहे, बकऱ्या रोज पितात. याचा अर्थ मला लागलेला नाही.

अश्वजितने कोरपन्याकडे दुसरी जागा पाहिली आहे. भिंत आणखी उंच आहे. फोटो पाठवलेत, काका नवी यादी करा म्हणतो. साक्षी त्याच्याशी त्या विषयावर बोलत नाही. मी अजून उत्तर दिलेलं नाही.

ज्यांना हे सांगतो ते विचारतात, ती भूतच होती कशावरून? मला माहीत नाही. मी तिला पाहिलेलं नाही.

पण गेट उघडेपर्यंत ती मला भूत वाटलीच नव्हती. चव्वेचाळीस अंशांच्या उन्हात बसलेली एक जिवंत बाई वाटली होती.

आणि माझ्या हाताशी भरलेला तांब्या होता.